त्रिंकोमालीच्या टाक्या आणि लंकेतले युद्धकालीन तळ

प्रश्न असा आला आहे: दुसऱ्या महायुद्धात श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, ब्रिटिशांचे एवढे नाविक आणि हवाई तळ होते, मग एप्रिल 1942 मध्ये जपानी आरमार चाल करून आलं तेव्हा ते उपयोगी का पडले नाहीत? आणि त्या तळांचं पुढे काय झालं? विचारणाऱ्यांना तिकडे फिरायलाही जायचं आहे, तेव्हा आज काय बघता येईल तेही शेवटी सांगतो.

आधी एक दुरुस्ती. ‘एवढे तळ’ हे चित्र 1944 चं आहे. 1942 च्या मार्चमध्ये लंकेत होतं ते असं: एक उत्तम नैसर्गिक बंदर, एक गजबजलेलं व्यापारी बंदर, तेलाच्या शंभरेक टाक्या, मोजून दोन-चार धावपट्ट्या आणि भरपूर घबराट. बाकीचं सगळं हल्ल्याच्या धसक्याने उभं राहिलं. तयार झालं तेव्हा युद्ध दूर सरकलेलं होतं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

माझी नोकरी बंदरातल्या तेलसाठ्यांवर गेली. टाक्या, जेट्टीवरच्या पाइपलाइनी, पंप, गळती, आग. त्यामुळे लष्करी तळाकडे बघताना मी तोफा मोजत नाही. तेल किती, गोडं पाणी किती, जहाज कोरडं करायला गोदी कुठे आणि रात्री धक्क्याला लागलेलं जहाज सकाळपर्यंत भरून निघू शकतं का, हे विचारतो. लष्करी इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टी तळटिपांत असतात. लंकेच्या बाबतीत त्या मुख्य मजकुरात यायला हव्यात.

त्रिंकोमालीपासून सुरुवात करू. लंकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे बंदर खोल आहे आणि तीन बाजूंनी टेकड्यांनी वेढलेलं आहे. बंगालच्या उपसागरात कोणत्याही मोसमी वाऱ्यात आसरा देणारं असं दुसरं ठिकाण नाही. पोर्तुगीज, डच, फ्रेंच आणि इंग्रज हे सगळे या एका आडोशासाठी भांडले. 1782 मध्ये फ्रेंच सेनानी सफ्रॅंने ते घेतलंही होतं. 1795 मध्ये इंग्रज आले ते दीडशेहून अधिक वर्षं राहिले. पण बंदर चांगलं म्हणजे तळ चांगला असं होत नाही. आजूबाजूला कोरडा, विरळ वस्तीचा, हिवतापाचा मुलूख. कामगार नाहीत, कारखाने नाहीत, मोठी सुकी गोदी नाही. रेल्वे पोचली ती 1927 मध्ये.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलावर आलं तेव्हा आशियाभर तेलसाठे उभारणं भाग पडलं. विसाच्या दशकात त्रिंकोमालीला चायना बे भागात, जंगलात, पोलादी टाक्यांचं मोठं आवार बांधायला घेतलं. एकूण 101 टाक्या, प्रत्येकी सुमारे 12 हजार किलोलिटरच्या. वरच्या आवारात बहुतेक टाक्या आणि समुद्राजवळच्या खालच्या आवारात थोड्या. टाक्या एकमेकींपासून लांब ठेवल्या आणि भोवती बांध घातले, म्हणजे एक पेटली तर तेल वाहून दुसरीपर्यंत जाऊ नये. वर झाडांचं छत्र. ज्याने आराखडा काढला त्याला आपलं काम कळत होतं. या अंतराचं मोल 1942 मध्ये कळलं.

पण बेत असा होता की मुख्य तळ सिंगापूर आणि त्रिंकोमाली हा मागचा साठा. मोठ्या युद्धनौका कोरड्या करायची गोदी सिंगापूरला, दुरुस्तीचे कारखाने तिथे, कुशल माणसंही तिथेच. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं आणि मागच्या साठ्याला पुढचा तळ व्हावं लागलं. 8 मार्चला रंगून गेलं. आता जपान आणि मुंबईच्या मध्ये लंका तेवढी उरली होती. एडनकडून भारतात येणारी रसद, इराणच्या आखातातलं तेल, ऑस्ट्रेलियाचा मार्ग हे सगळं लंकेच्या आसपासच्या पाण्यातून जात होतं. शिवाय मलाया गेल्यावर दोस्तांच्या हाती राहिलेल्या नैसर्गिक रबराचा मोठा हिस्सा लंकेच्या मळ्यांतून येणार होता.

लंडनने ॲडमिरल जेफ्री लेटन यांना मार्चच्या सुरुवातीला सिलोनचे सरसेनापती नेमलं आणि त्यांना गव्हर्नरच्याही वरचे अधिकार दिले. लेटन सिंगापूरहून आलेले, तिथला ढिसाळपणा डोळ्यांनी पाहिलेले. त्यांनी बंदरापासून धान्यापर्यंत सगळ्यांना कामाला जुंपलं. नागरी संरक्षणाची सूत्रं ऑलिव्हर गुणतिलके या लंकेच्याच अधिकाऱ्याकडे होती, आणि हे काम बऱ्यापैकी नीट झालं.

हवाई बाजू अशी. कोलंबोजवळचं रत्मलाना हे मुलकी विमानतळ होतं. टाटांची मुंबई-मद्रास सेवा 1938 मध्ये इथवर वाढली होती. आता तिथे हरिकेन ही लढाऊ विमानं आली. त्रिंकोमालीला चायना बेची धावपट्टी, टाक्यांच्या अगदी शेजारी. दक्षिणेला गॉलजवळ कोग्गला तलावात पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमानं. आणि चौथी जागा म्हणजे शहराच्या मध्यावरचं, श्रीमंतांच्या सिनॅमन गार्डन्समधलं कोलंबोचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. शर्यती बंद केल्या, आडवी येणारी घरं पाडली आणि तिथे धावपट्टी तयार केली. जपान्यांच्या नकाशावर ती नव्हती. साऱ्या धावपळीतला हा सर्वांत हुशार निर्णय, आणि बहुधा सर्वांत स्वस्तही.

आरमार मात्र लंकेत राहणार नव्हतं, आणि इथे पाण्याचा मुद्दा येतो. ॲडमिरल जेम्स समरव्हिल यांच्याकडे पाच युद्धनौका होत्या. त्यांपैकी वॉरस्पाइट सुधारलेली. बाकी चार पहिल्या महायुद्धातल्या, संथ, कमी पल्ल्याच्या आणि गोड्या पाण्याच्या बाबतीत कायम तहानलेल्या. बॉयलरला पाणी लागतं, माणसांना लागतं, आणि उष्ण कटिबंधात दोन्हींचा खप वाढतो. कोलंबो आणि त्रिंकोमाली या जागा शत्रूला ठाऊक असलेल्या. म्हणून मालदीवच्या दक्षिण टोकाला, विषुववृत्ताच्या जरा खाली असलेल्या अड्डू प्रवाळवलयात एक गुप्त तळ केला होता. कागदोपत्री त्याचं नाव ‘पोर्ट टी’. 1941 पासून ब्रिटिश मरीन सैनिक तिथे तोफा बसवत, जंगल तोडत आणि आजारी पडत होते. जागा कोलंबोपासून सुमारे 600 सागरी मैल नैर्ऋत्येला. तिथे तेलवाहू जहाजं होती, पाणी होतं. संरक्षण नावापुरतं होतं. पण त्याचा पत्ता कुणाला नव्हता, आणि 1942 मध्ये तेवढं पुरेसं ठरलं.

गुप्तचरांनी सांगितलं की हल्ला 1 एप्रिलच्या सुमारास होणार. समरव्हिल 31 मार्चपासून लंकेच्या दक्षिणेला दबा धरून बसले. दोन एप्रिलपर्यंत कुणी आलं नाही. जुन्या नौकांचं पाणी संपत आलं. मग ताफा अड्डूकडे वळला, आणि बातमी खोटी ठरली असं समजून काही जहाजं आपापल्या कामाला लागली: डॉर्सेटशायर ही क्रूझर अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीसाठी कोलंबोला, कॉर्नवॉलही तिकडेच, आणि हर्मिस ही छोटी विमानवाहू नौका त्रिंकोमालीला. बातमी खोटी नव्हती, चार दिवस उशिराची होती. जपानी ताफ्याचे सेनानी ॲडमिरल नागुमो 26 मार्चला, आजच्या इंडोनेशियातल्या सेलेबिस बेटाहून निघाले होते; बरोबर पाच विमानवाहू नौका, सगळ्या पर्ल हार्बरवर जाऊन आलेल्या.

चार एप्रिलच्या दुपारी कोग्गलाहून उडालेल्या एका कॅटलिनाला हा ताफा दिसला. वैमानिक कॅनडाचा लेनर्ड बर्चल, लंकेत येऊन जेमतेम दोन दिवस झालेला. संदेश पाठवता पाठवता त्याचं विमान पाडलं गेलं. तो आणि त्याचे काही साथीदार जपान्यांच्या हाती लागले, आणि युद्ध संपेपर्यंत तो कैदेत राहिला. संदेश मात्र पोचला. समरव्हिल तेव्हा अड्डूत तेल आणि पाणी भरत होते. जुन्या नौका लगेच निघूच शकत नव्हत्या, आणि अंतर 600 मैलांचं. म्हणजे लंकेचं आरमार लंकेच्या हल्ल्याच्या दिवशी लंकेजवळ का नव्हतं, याचं खरं उत्तर आहे पिण्याचं पाणी. भित्रेपणा, मूर्खपणा वगैरे आरोप पुढे पुष्कळ झाले. मला ते पटत नाहीत. ज्याने जहाजाला पाणी भरलं आहे त्याला पटणार नाहीत.

त्या रात्री कोलंबो बंदर जमेल तितकं रिकामं केलं. पाच एप्रिल, ईस्टरचा रविवार. सकाळी साडेसातच्या सुमारास सव्वाशेएक विमानं आली. इशारा आदल्या दिवशीच मिळालेला असूनही रत्मलानाच्या वैमानिकांना शत्रू डोक्यावर आल्यावर कळलं; रडारचा उपयोग झाला नाही. बऱ्याच हरिकेन उड्डाण घेतानाच सापडल्या. चायना बेहून पाणतीर घेऊन येणारी सहा स्वोर्डफिश विमानं वाटेत झीरो या जपानी लढाऊ विमानांच्या तावडीत सापडली आणि सहाही गेली. रेसकोर्सवरची तुकडी मात्र जपान्यांना अनपेक्षित दिशेने भिडली. तिनेही बरीच विमानं गमावली. बंदरात टेनेडोस ही जुनी विनाशिका आणि हेक्टर हे सशस्त्र व्यापारी जहाज बुडालं. बाकी गोदी, कारखाने, तेल यांचं नुकसान त्या मानाने थोडं.

खरा घाव समुद्रात बसला. डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल रात्रीच कोलंबोहून निघून समरव्हिलला गाठायला दक्षिणेकडे धावत होत्या. दुपारी जपानी डाइव्ह-बॉम्बरांनी त्यांना गाठलं, आणि दोन्ही वीसेक मिनिटांत बुडाल्या. 424 माणसं गेली. 1,122 जण तीसएक तास पाण्यात राहून वाचले. वर छत्र धरायला एकही विमान नव्हतं, कारण हरिकेनचा पल्ला तिथवर नव्हता.

नऊ एप्रिलला त्रिंकोमालीची पाळी आली. या वेळी रडारने आधी सांगितलं, चायना बेची विमानं हवेत होती, तरी संख्येपुढे इलाज चालला नाही. गोदीचं आवार, धावपट्टी, बंदरातलं सगाइंग हे मालवाहू जहाज, सगळ्यांना फटका बसला. एक जपानी विमान येऊन एका तेलाच्या टाकीवर आदळलं आणि टाकी पेटली. गाइड लोक याला ‘कामिकाझे’ म्हणतात. ते चूक आहे. कामिकाझे पथकं ऑक्टोबर 1944 ची, फिलिपिन्समधली. 1942 मध्ये मार बसलेला वैमानिक कधीकधी हाती असलेल्या लक्ष्यावर विमान घालत असे, एवढंच. माझ्या धंद्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे: टाकी जळून गेली, पण शेजारची पेटली नाही. ते अंतर, ते बांध वाया गेले नाहीत. शंभर टाक्यांच्या आवारात पेटलेली टाकी स्वतःपुरती जळून विझते, याहून मोठं प्रशस्तिपत्र आराखडा काढणाऱ्याला कुठलं द्यायचं?

हर्मिस आदल्या रात्रीच बंदरातून बाहेर काढली होती, आपली विमानं किनाऱ्यावर ठेवून. सकाळी बट्टिकलोआजवळ ती आणि तिच्याबरोबरची ऑस्ट्रेलियन विनाशिका व्हॅम्पायर सापडल्या. विमानाविना विमानवाहू नौका. हर्मिसवरचे 307 जण गेले. जवळून जाणाऱ्या व्हिटा या इस्पितळजहाजाने सहाशेच्या आसपास लोकांना उचललं. त्याच सकाळी कोलंबोच्या रेसकोर्सवरून निघालेली नऊ ब्लेनहाइम विमानं थेट नागुमोच्या ताफ्यावर जाऊन पोचली. बॉम्ब नेमके लागले नाहीत आणि नऊपैकी पाच विमानं परतली नाहीत. पण नागुमोच्या विमानवाहू नौकांवर युद्धात बॉम्ब पडले ते त्या दिवशी पहिल्यांदा. या गोष्टीकडे जपान्यांनी लक्ष दिलं असतं तर दोन महिन्यांनी मिडवेच्या नाविक लढाईत त्यांना ते महागात पडलं नसतं, असं माझं मत आहे. दरम्यान जपानचा दुसरा ताफा बंगालच्या उपसागरात व्यापारी जहाजं टिपत होता, आणि 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावरही बॉम्ब पडले.

मग जपानी उतरले का नाहीत? कारण उतरायला आलेच नव्हते. लंका घेण्याची योजना त्यांच्या नौदलाने मांडली होती, पण भूदलाने सैन्य द्यायला नकार दिला. त्यांचं लक्ष चीनमध्ये आणि बर्मात अडकलं होतं. नागुमोचा हा छापा होता. शिवाय त्यांचाही प्रश्न तेलाचाच. आपल्या तळापासून हजारो मैलांवर, तेलवाहू जहाजांच्या भरवशावर, पाच विमानवाहू नौका किती दिवस फिरवणार? ताफा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून परत गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

हे त्या वेळी ब्रिटिशांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लंकेवरून आरमार उचललं. जुन्या नौका केनियातल्या किलिंडिनीला गेल्या. वेगवान ताफा, म्हणजे वॉरस्पाइट आणि दोन मोठ्या विमानवाहू नौका, मुंबईला आला. मुंबई का? तेच कारण. अलेक्झांड्रा गोदीला लागून 1914 पासून हजार फूट लांबीची ह्यूजेस सुकी गोदी होती, कारखाने होते, पिढ्यान्‌पिढ्या जहाजाचं काम केलेले कारागीर होते. त्रिंकोमालीला बंदर होतं, मुंबईला गोदी होती. शत्रूचे सांकेतिक संदेश उकलणारं केंद्रही कोलंबोहून किलिंडिनीला हललं आणि सप्टेंबर 1943 मध्ये परत आलं.

लंकेत पुढची दोन वर्षं फक्त बांधकाम चाललं. सिगिरियाच्या प्रसिद्ध कातळाजवळ, मिन्नेरियाच्या प्राचीन तलावाजवळ, वावुनियाला, नेगोंबोला, जाफन्याच्या उत्तरेला, कटुकुरुंद्याला धावपट्ट्या झाल्या. पुत्तलमला चिखलात रुतलेली नौदलाची कॉर्सेअर विमानं हत्ती लावून ओढत. त्याची छायाचित्रं आहेत, आणि ती गंमत म्हणून काढलेली नाहीत. कोग्गलाहून क्वांटासची कॅटलिना विमानं जुलै 1943 पासून दोन वर्षं थेट ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जात. मध्ये कुठेही थांबा नाही, रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. एका फेरीला 27 ते 33 तास, त्यामुळे प्रवाशांना एका प्रवासात दोन सूर्योदय दिसत. इंधनाचा भार एवढा की प्रवासी जास्तीत जास्त तीन आणि टपाल 69 किलो. अशा 271 फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावलं नाही. लंकेतल्या सगळ्या युद्धकथांत मला ही सर्वांत भारी वाटते.

एप्रिल 1944 मध्ये माउंटबॅटन यांनी दोस्तांच्या आग्नेय आशियातल्या सैन्याचं मुख्यालय दिल्लीहून कँडीला आणलं, पेराडेनियाच्या वनस्पती उद्यानात. ताडांच्या रांगांमध्ये झोपड्या, हजारो कारकून आणि अधिकारी. टीका तेव्हाही झाली आणि मला ती रास्त वाटते. लढाई इंफाळ आणि कोहिमाला चालली होती, आणि कँडीहून ते सगळं फार लांब होतं. त्रिंकोमालीचा मात्र आता खरा उपयोग सुरू झाला. तिथल्या पाणबुड्या मलाक्काच्या सामुद्रधुनीत जाऊन येत. जानेवारी 1944 मध्ये टॅली-हो या पाणबुडीने पेनांगजवळ कुमा ही जपानी क्रूझर बुडवली. 19 एप्रिल 1944 ला इलस्ट्रियस आणि अमेरिकेची साराटोगा या विमानवाहू नौकांनी इथून निघून सुमात्राच्या टोकावरचं सबांग झोडपलं. मिन्नेरियाची लिबरेटर विमानं मलायात हेर आणि शस्त्रं उतरवू लागली.

आणि दोन प्रसंग असे, की ज्यांत तळ म्हणजे काय ते सगळं येतं.

पहिला: अमेरिकनांना सुमात्रातल्या पालेमबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर हल्ला करायचा होता. खरगपूरच्या बाजूची बी-29 बॉम्बफेकी विमानं तिथवर पोचत नव्हती, म्हणून चायना बेची धावपट्टी वाढवली, पार्किंग, इंधनवाहिन्या, सगळं नव्याने केलं. 10 ऑगस्ट 1944 ला 54 विमानं उडाली. जाऊन-येऊन जवळजवळ 3,900 मैल. कारखान्याचं नुकसान नगण्य झालं. काही विमानांनी मुसी नदीत सुरुंग टाकले, ते बरे लागू पडले. त्यानंतर त्या धावपट्टीवरून अशी मोहीम पुन्हा एकदाही झाली नाही.

दुसरा त्याच्या दोनच दिवस आधीचा. सुक्या गोदीची उणीव भरायला त्रिंकोमालीला अवाढव्य तरंगती गोदी आणली होती. आठ ऑगस्टला तिच्यात व्हॅलियंट ही युद्धनौका घेतली. नौका दारूगोळ्याने पूर्ण भरलेली. गोदी वर उचलताना तिच्या टाक्यांतलं पाणी चुकीच्या क्रमाने काढलं गेलं, वजन सारखं वाटलं गेलं नाही, गोदीचा कणा मोडला आणि ती बुडाली. व्हॅलियंट वाचली, पण तिचे मधले दोन पंखे आणि एक सुकाणू निकामी झालं. नागुमोला जे जमलं नाही ते एका बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्याच्या, तक्त्याने केलं. कुठला व्हॉल्व्ह आधी आणि कुठला नंतर, हे लिहून भिंतीवर लावायची शिस्त आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लावत, ती अशाच प्रकारांतून आलेली.

अड्डूलाही असाच एक धडा आहे. मार्च 1944 मध्ये जर्मन पाणबुडीने प्रवाळवलयाच्या बाहेरून, संरक्षक जाळ्यांमधल्या फटीतून पाणतीर सोडून आत नांगरलेलं ब्रिटिश लॉयल्टी हे तेलवाहू जहाज जखमी केलं. गुप्तता संपली की जाळ्यांची देखभाल लागते.

आता लोकांबद्दल, कारण तळांच्या इतिहासात हे कुणी विचारत नाही. कोग्गलाच्या गावकऱ्यांना अगदी थोड्या मुदतीत घरं सोडावी लागली. सिंहली साहित्यातल्या एका थोर लेखकाचं जन्मघर तेवढं पाडापाडीतून वाचलं, आज तिथे संग्रहालय आहे. छाप्यानंतर कोलंबोतून लोकांचे लोंढे बाहेर पडले आणि गोदीतले कामगारही पळाले, बंदर काही काळ माणसांवाचून अडलं. बर्मा गेल्याने तांदूळ बंद झाला, तर लंकेचं बहुतेक पोट आयात तांदळावर. रेशन आलं, गव्हाचं पीठ आलं, आणि पाव खायची सवय तेव्हापासून घट्ट झाली. कोकोस बेटांवर तैनात असलेल्या सिलोनच्या तोफखान्यातल्या काही सैनिकांनी 8 मे 1942 च्या रात्री बंड केलं, ते फसलं. ग्रेशन फर्नांडो आणि आणखी दोघांना ऑगस्टमध्ये कोलंबोच्या वेलिकडा तुरुंगात फाशी झाली. बंडाबद्दल दुसऱ्या महायुद्धात फाशी गेलेले राष्ट्रकुलातले सैनिक हे तीनच.

जमेच्या बाजूला एक मोठी नोंद आहे. 1934-35 च्या साथीत हिवतापाने लंकेत सुमारे 80 हजार माणसं गेली होती. युद्धात सैन्यासाठी आलेलं डीडीटी 1946 पासून देशभर फवारलं गेलं, आणि वर्षभरात मृत्युदर हजारी 20 वरून 14 वर आला. सगळं श्रेय डीडीटीचं नाही, आरोग्य केंद्रं आणि अन्नपुरवठाही होता; तरी कोरड्या प्रदेशात माणसं पुन्हा राहू लागली ती त्यानंतर.

युद्धानंतर तळ लगेच गेले नाहीत. नोव्हेंबर 1947 च्या संरक्षण कराराने ब्रिटिशांना ते वापरायची मुभा राहिली. याच कारणाने, हा देश खरा स्वतंत्र नाही म्हणून, सोव्हिएत संघाने लंकेला 1955 पर्यंत संयुक्त राष्ट्रांत येऊ दिलं नाही. ऑगस्ट 1953 मध्ये तांदळाच्या भाववाढीविरुद्ध हरताळ पेटला तेव्हा लंकेच्या मंत्रिमंडळाने बैठक घेतली ती कोलंबो बंदरातल्या न्यूफाउंडलँड या ब्रिटिश युद्धनौकेवर. लोकांना हे विसरणं शक्य नव्हतं. 1956 मध्ये बंडारनायके निवडून येऊन पंतप्रधान झाले, त्याच वर्षी सुएझ प्रकरण झालं, आणि 1957 मध्ये तळ परत घेतले: त्रिंकोमाली 15 ऑक्टोबरला, नेगोंबोचा कटुनायके हवाई तळ 1 नोव्हेंबरला. आज तुम्ही कोलंबोला उतरता ते विमानतळ म्हणजे हाच कटुनायके. ब्रिटिश विमानदल अड्डूच्या गान बेटावर गेलं, तिथल्या रहिवाशांना शेजारच्या बेटावर हलवून, आणि 1976 पर्यंत राहिलं. मधल्या काळात, 1959 मध्ये, दक्षिणेच्या बेटांनी मालदीवपासून फुटून स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. तळामुळे आलेला पैसा हे त्यातलं एक कारण. ते चार वर्षं टिकलं.

टाक्या मात्र राहिल्या, 101 पैकी 99. बहुतेक जंगलात गंजत. जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका कराराबरोबरच्या पत्रांत दोन गोष्टी लिहिल्या आहेत: त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताविरुद्ध कुणाला लष्करी वापरासाठी द्यायचं नाही, आणि टाक्यांची दुरुस्ती दोघांनी मिळून करायची. यादवी युद्धामुळे काही हललं नाही. 2003 च्या सुमारास इंडियन ऑइलच्या लंकेतल्या कंपनीने खालचं आवार चालू केलं. जानेवारी 2022 मध्ये वाटणी ठरली: 14 टाक्या त्या कंपनीकडे, 24 श्रीलंकेच्या पेट्रोलियम महामंडळाकडे आणि 61 संयुक्त कंपनीकडे, जिच्यात श्रीलंकेचा वाटा 51 टक्के. पोलादाचं वय शंभरीकडे झुकलं तरी पत्रे अजून उभे आहेत ते जाड पत्रा वापरला म्हणून. पण तळपत्रा आणि पाया तपासल्याशिवाय अशा टाकीत तेल भरू नये. खर्चाचा अंदाज कुणी रंगकामावरून काढत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

फिरायचं म्हणाल तर मे ते सप्टेंबरमध्ये जा. पूर्व किनाऱ्याचा समुद्र तेव्हा शांत असतो, म्हणजे आपल्या कोकणाच्या नेमका उलट. कोलंबोत रेसकोर्सचा प्रेक्षकमंच शाबूत आहे, आता तिथे दुकानं आहेत आणि मैदानावर रग्बी चालतं. पेराडेनियाच्या बागेला अर्धा दिवस द्या. कोग्गलाची धावपट्टी रस्त्यावरून दिसते. त्रिंकोमालीत फोर्ट फ्रेडरिक आणि कोणेश्वराचं देऊळ बघालच. निलावेलीच्या रस्त्यावर युद्धस्मशानभूमी आहे. टाक्यांच्या आवारात आणि नौदलाच्या गोदीत परवानगीशिवाय सोडत नाहीत, कॅमेरा बाहेर काढू नका. सगाइंगचा सांगाडा 2018 मध्ये श्रीलंकेच्या नौदलाने बंदरातून वर काढून हलवला. हर्मिस बट्टिकलोआजवळ 50 मीटरहून खोल पाण्यात आहे. साध्या स्कूबा प्रमाणपत्रावर तिथे उतरता येत नाही, खोल डुबकीचं वेगळं प्रशिक्षण लागतं.